ग्रुप अ‍ॅडमिन आहे म्हणून पोलीस मोबाईल मागतायत. द्यावा का?

गुरुजी_६७:
नमस्कार मंडळी. निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे, सातारा जिल्हा. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन, सदस्य ३१२. मूळ ग्रुप सरपंचांच्या पुतण्याचा. तो नोकरीला पुण्याला गेला आणि जाता जाता ही घोंगडी माझ्या गळ्यात टाकून गेला. नळाला पाणी कधी, कुणाची मयत, यात्रेची वर्गणी, एवढंच तिथं चालतं.

बुधवारी एकाने मुलं पळवणारी टोळी आल्याचा व्हिडिओ टाकला. वर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दोन बाणांचं चिन्ह. त्याला विचारलं तर म्हणे मेव्हण्याने पाठवला. मेव्हण्याला कुणी? माहीत नाही. शनिवारी ठाण्यातून फोन आला, “गुरुजी, मोबाईल घेऊन या, दोन दिवस ठेवून घेऊ.” त्यात बायकोचे शुगरचे रिपोर्ट, पासबुकाचे फोटो, शिवाय भावकीत बांधाचा दावा चालू आहे त्याचं वकिलाशी झालेलं सगळं बोलणं. आमच्या ठाण्यात भावकीतलाच एकजण आहे, हे वेगळं सांगायला नको.

खान्देशी:
गुरुजी, पोलिसांचंही ऐका. १ जुलै २०१८ ला आमच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात अशाच अफवेवरून पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. भिक्षा मागून जगणारी डवरी गोसावी समाजाची माणसं होती. त्यानंतरच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. खाजगीपणा ठीक आहे, पण व्हिडिओ सोडणारा सापडायला नको का?

काळाकोट_नागपूर:
सापडायला हवाच, पण गुरुजींचा मोबाईल उघडून तो सापडणार नाही.

आधी तुमच्यापुरतं. दुसऱ्याच्या पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला हे स्पष्ट केलंय. आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हा कोर्टाने अ‍ॅडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं, एवढंच धरलं होतं. २०२२ पासून दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. उद्या एखादा सरकारी वकील म्हणेल, “बटण होतं, दाबलं का नाही?”

मोबाईलचं म्हणाल तर फोनवरचं ‘घेऊन या’ पुरेसं नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ९४ खाली लेखी आदेश मागा. साक्षीदार म्हणून बोलवायचं तरी कलम १७९ ला लेखी आदेश लागतो, आणि साठीपुढच्या पुरुषाला राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही. तुम्ही ६७ चे असाल तर साहेबांनी तुमच्या ओसरीवर येऊन चहा घ्यावा. मोबाईल जप्तच केला तर पंचनामा आणि यादीची प्रत घ्या. कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरणही व्हायला हवं.

सर्व्हरवाला:
मूळ पाठवणारा शोधायचा नियम २०२१ पासून कागदावर आहे. ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीने ठरावीक गंभीर गुन्ह्यांत, कोर्टाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यावर, पहिला पाठवणारा सांगायचा. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेलं आणि २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेज पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येऊ नये असं कुलूप, तोडायला लावलंत तर आम्ही देश सोडू. धमकी बाजूला ठेवा, अडचण खरी आहे. कुठला मेसेज उद्या गुन्ह्यात निघेल हे आज कळत नाही, म्हणजे खूण प्रत्येकाच्याच मेसेजवर ठेवावी लागणार, तुमच्या मयतीच्या बातमीवरसुद्धा. आणि एवढं करून कुणी व्हिडिओ नव्याने सेव्ह करून टाकला की ‘पहिला’ तोच.

खान्देशी:
म्हणजे सोडणारा मोकळा आणि गुरुजी ठाण्यात. वा!

काळाकोट_नागपूर:
गुरुजी, एक राहिलंच. तो मेसेज तसाच राहू द्या. आधी तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, ते पोलिसांना स्वतःहून द्या, मग काय ते बघू.

गुरुजी_६७:
वकीलसाहेब, उशीर झाला. फोन आला त्याच संध्याकाळी घाबरून डिलीट केला. आता तिथं अ‍ॅडमिनने मेसेज काढल्याची ओळ दिसतेय, तीही माझ्या नावानिशी.