मदत हवी आहे: २५ हजारांत जुना थिंकपॅड (लेनोव्होचा लॅपटॉप), बॅटरीचं काय करावं?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षासाठी हवाय. अँड्रॉइड स्टुडिओ (अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) एमुलेटरसकट, म्हणजे स्क्रीनवरच्या आभासी फोनसकट, चालवायचा तर ८ जीबी रॅममध्ये रडतरखडत चालतो, १६ हवीच. म्हणून थिंकपॅडचं टी४८० मॉडेल पाहतोय: रॅमचे दोन स्लॉट असतात, दोन्हीतली रॅम बदलता येते. टी४८०एसमध्ये एक रॅम बोर्डावरच सोल्डर असते, ती बदलता येत नाही. इंटेलच्या आठव्या पिढीखाली जायचं नाही, त्याआधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.

अडलंय बॅटरीपाशी. टी४८०ला दोन असतात: एक आतली, एक बाहेरून काढता येणारी. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये आतलीची मूळ क्षमता २४ वॉट-अवर, आता भरते जेमतेम १३. बायोसमधून (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधून) ती बंद करून, खालचं कव्हर उघडून बदलता येईल, ते जमेल. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात अस्सल बॅटरी कशी ओळखायची? की दुकानदाराकडून किंमतच कमी करून घ्यावी?