एथिक्स कमिटीने तिसऱ्यांदा प्रोटोकॉल परत पाठवला, तोडीचा हंगाम तोंडावर आलाय, काय करू?

बालाघाटची_लेक

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. पब्लिक हेल्थमध्ये पीएचडी करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. विषय ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्याचा. पाळीच्या दिवसांत उसाच्या फडावर त्या कसं निभावतात, अंगावरून जायला लागलं की कुणाकडे जातात आणि गर्भाची पिशवी काढायचं नक्की कुणी ठरवलं, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. २०१९ ला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली होती, त्यात १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली, हे आमच्या भागात सगळ्यांना माहितीये. पण त्या ऑपरेशनच्या आधी घरात काय बोलणं झालं, मुकादम (तोडीची टोळी जमवणारा ठेकेदार) काय म्हणाला, डॉक्टरने काय भीती घातली, ते आकड्यात येत नाही ना.

आता अडचण. मार्चमध्ये एथिक्स कमिटीला, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्यांचं हित तपासणाऱ्या समितीला, प्रोटोकॉल (अभ्यास कसा करणार त्याचा आराखडा) दिला, ११ क्वेरी आल्या. जूनमध्ये दुरुस्त करून दिला, परत आला. आता सप्टेंबरमध्ये तिसऱ्यांदा परत, चार मुद्दे शिल्लक. मुकादमाच्या ओळखीने टोळीपर्यंत पोचणार तर बाई नाही कशी म्हणेल, हा एक. दुसरं, सही न येणाऱ्या बाईचा अंगठा घेताना साक्षीदार कोण. मी प्रत्येकीला ५०० रुपये देईन असं लिहिलं होतं, ते आमिष वाटतंय म्हणे. आणि चौथा मुद्दा असा की १८ च्या आतल्या लग्न झालेल्या मुली सापडल्या तर काय करणार.

दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात, दिवाळीनंतर तर गावं रिकामीच. कमिटीची मीटिंग दोन महिन्यांतून एकदा. हा हंगाम गेला की माझं वर्ष गेलं. फेलोशिप पाच महिन्यांपासून आलेली नाही, गाईड म्हणतात तुझं तू बघ, घरी विचारतात अजून किती वर्षं. एका सीनियरने सांगितलं की पायलट (छोटी चाचणी) म्हणून सुरू करून टाक, नंतर फॉर्मवर तारखा टाकता येतात, सगळे असंच करतात. खरं सांगते, मोह होतोय.

सगळ्यात जास्त लागलंय ते वेगळंच आहे. माझी आई स्वतः सहा हंगाम तोडीला गेलीय, मी कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, वाढलेय, पहाटे तीनला तिच्या पाठीमागे फडात जाऊन बसलेय. आणि एसीत बसलेली माणसं मला विचारतात की या बायकांच्या हिताचा विचार केलाय का. ते पत्र वाचून रात्रभर रडले. दोन महिने झाले धड झोप नाही, मेल उघडायचा म्हटलं की छातीत धडधडतं. कुणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

कृष्णाकाठ_७

ताई, आधी एकच गोष्ट, तारखा मागेपुढे करायचा विचार डोक्यातून काढून टाका. मंजुरीच्या आधी गोळा केलेल्या डेटाला नंतर मंजुरी देत नाहीत, मागच्या तारखेने संमती ही गोष्टच नसते. पायलट असला तरी माणसांशी बोलणार असाल तर त्यालाही मंजुरी लागते. पेपर पाठवताना जर्नल मंजुरीचा नंबर आणि तारीख मागतं, थिसिसला सर्टिफिकेट जोडावं लागतं, आणि तिथं कुणाच्या लक्षात आलं तर मुलाखती फेकून द्याव्या लागतील. त्या बायकांनी रात्री दमून भागून तुम्हाला दिलेले तास वाया जातील हो, मला तेच जास्त वाईट वाटेल.

आता हंगामाचं. मी टीबीवर काम केलं, ऊसतोडीवर नाही, पण आमच्या सांगली भागात दर वर्षी टोळ्या उतरतात, लहानपणापासून बघतोय. फडावर त्या बाईला वेळ कुठंय? पहाटे उठून भाकऱ्या, मग तोड, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडी भरायची, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकायचं, रात्री परत चूल, आणि कारखान्याची गाडी रात्री बाराला आली तर तेव्हाही उठून भरायची. कोपीला दार नसतं, शेजारच्या कोपीत खोकलेलं ऐकू येतं. तिथं पिशवी काढल्याचं कोण मोकळेपणी बोलेल? मला वाटतं तुमच्या खोल मुलाखती गावाकडे व्हायला पाहिजेत, टोळ्या उन्हाळ्यात परतल्यावर, मे ते सप्टेंबर. तेव्हा ती स्वतःच्या घरात असते आणि दुपारचा वेळ थोडाफार तिचा असतो. तेव्हा उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घ्यायची बोलणी सुरू असतात म्हणून मुकादम गावातच असतो हे खरं, पण तुम्हाला त्याच्यामार्फत जावं लागत नाही.

म्हणजे प्रोटोकॉलचे दोन टप्पे पाडा. पहिला गावात, मुकादमाशिवाय, आशाताई किंवा बचत गटातून ओळख काढून. दुसरा फडावर, त्यात मुलाखत नाही, फक्त निरीक्षण, पाणी किती लांब, संडास आहे का, जवळचं सरकारी आरोग्य केंद्र किती किलोमीटर. कमिटीला जड जातोय तो मुकादमाचा मुद्दा पहिल्या टप्प्यातून जवळजवळ निघूनच जाईल, फडावर जायला त्याची परवानगी लागेल तेवढी दुसऱ्यात वेगळी लिहा. कमिटीने मेजर रिव्हिजन (मोठे बदल) म्हटलंय की मायनर (किरकोळ) ते पत्रात बघा. मायनर असेल तर बऱ्याच ठिकाणी पूर्ण मीटिंगची वाट बघावी लागत नाही, मेंबर सेक्रेटरी किंवा उपसमिती बघून मोकळं करते. मेंबर सेक्रेटरींना लेखी विचारा, फोनवर नको.

शाळेतल्या_बाई

बाळ, मी निवृत्त शिक्षिका आहे. गेली काही वर्षं एका एथिक्स कमिटीवर सर्वसामान्यांची प्रतिनिधी म्हणून बसते, म्हणजे ज्याला लेपर्सन म्हणतात ती. तुझं रडणं वाचून मला गलबललं. पण पलीकडच्या खुर्चीवरून मला दिसतं ते सांगते.

तू लिहिलंस की मी कोपीत वाढलेय आणि मलाच विचारतात. मी त्या मीटिंगला असते तर मीही विचारलं असतं, आणि तू कोपीत वाढलीस म्हणूनच जास्त विचारलं असतं. तुझ्या आईला ओळखणारी बाई तुला नाही म्हणू शकेल का? अमकीची लेक एवढी शिकली, दारात आलीय, तिला परत कसं पाठवायचं, म्हणून ती बसेल आणि बोलेल, मनात नसलं तरी. मुकादमाला ती घाबरून हो म्हणते, तुला मायेपोटी म्हणेल, दोन्हीकडे नाही म्हणायची वाट बंदच. म्हणून आईच्या गावातल्या आणि तिच्या जुन्या टोळीतल्या बायका सोड, दुसरा तालुका घे. आणि पहिल्या दिवशी फक्त माहिती सांगून ये, संमती दुसऱ्या दिवशी विचार, आणि ती विचारायला तू न जाता दुसऱ्या कुणाला पाठव. हे सगळं प्रोटोकॉलमध्ये लिही, आपली ओळख लपवू नकोस. आमच्याकडे असं मोकळेपणी लिहिणारा विद्यार्थी आला की आम्हाला त्याच्यावर भरवसा वाटतो.

दुसऱ्याच्या वतीने संमती दिली की काय होतं ते आपल्या देशात घडलंय. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प झाला. वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या फॉर्मवर आईबापांच्या ऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे मारले. तुझा अभ्यास लसीचा नाही हे मला कळतं, पण मुकादम म्हणाला म्हणून टोळी बोलली, हे त्या वॉर्डनच्या सहीपासून फार लांब नाही गं.

अंगठ्याचं तर मला तुझ्या कमिटीपेक्षाही जास्त वाटतं. या बायकांनी आयुष्यात अंगठा कशाला दिलाय? उचलीच्या कागदाला. आमच्याकडे एकदा वीटभट्टीवरच्या कामगारांचा अभ्यास आला होता. त्या मुलाने सांगितलं की एका बाईने फॉर्म बघून विचारलं, "ह्याला अंगठा दिला तर फेडायचं किती?" खोलीत कुणी बोललं नाही बराच वेळ. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तोंडी संमतीची सोय आहे, कमिटीने मान्यता दिली तर, साक्षीदार ठेवून किंवा आवाज रेकॉर्ड करून. तू कारण लिहून ती माग. साक्षीदार मात्र अभ्यासाशी संबंध नसलेला हवा, नवरा नको, मुकादम नको, तुझी मैत्रीण पण नको. गावातली अंगणवाडीताई चालेल, पण तिच्यासमोर बोलायचं का ते आधी बाईला विचार. आणि साक्षीदार फक्त संमतीपुरता, मुलाखत सुरू झाली की तिने उठून जायचं.

५०० रुपयांचं बोलायचं तर शून्य करू नकोस, आमच्यातले काही जण तसं सुचवतात आणि मी दर वेळी भांडते. गेलेल्या वेळाचा मोबदला आणि प्रवासखर्च देता येतो. फक्त रक्कम कशी काढलीस ते दाखव, दीड तास लागणार तर दीड तासाची मजुरी. पूर्ण दिवसाचे पैसे दिले तर ज्या बाईला बोलायचं नाही तीसुद्धा पैशापायी बोलेल.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स, नोकरी सांभाळून नर्सिंगमध्ये पीएचडी करतेय, पाचवं वर्ष. वरच्या दोघांनी प्रोटोकॉलचं सांगितलं, मी तुझ्याबद्दल बोलते, कारण दोन महिने झोप नाही आणि छातीत धडधड हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. तसं करू नको. हे पेशंटने सांगितलं असतं तर तू तिला घरी पाठवलं असतंस का? डॉक्टरला दाखव, बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घे, बाकी काही नाही ना ते कळेल. आणि १४४१६ वर फोन कर, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात. मी एकदा ड्यूटी संपल्यावर पार्किंगमध्ये स्कूटीवर बसून केला होता, वीस मिनिटं समोरची बाई फक्त ऐकत होती, त्यानंतर घरी जाऊन मी जेवले, दोन दिवसांनी पहिल्यांदा.

वेळेचं म्हणशील तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला सहा वर्षं आहेत, फेरनोंदणी करून दोन वाढतात, बायकांना त्यावर आणखी दोन. बाळंतपण आणि मुलांसाठी २४० दिवसांपर्यंतची रजा वेगळी. म्हणजे एक हंगाम गेला म्हणून रजिस्ट्रेशन जात नाही. घरी पण हे कागदावर दाखव, माझ्या सासऱ्यांना मी नियमावलीचं पान प्रिंट काढून दाखवलं तेव्हा ते शांत झाले. फेलोशिप अडकलीय त्याचा अर्ज वेगळा दे, गाईडच्या सहीने, पोच घे.

अजून एक, तुझ्या यादीत नाही पण कमिटी विचारेलच. मुलाखतीत एखादी म्हणाली की सहा महिने झाले रोज रक्त जातंय, मग तू काय करणार? मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून उठून येणार? तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आधीच भेट, कुठल्या दवाखान्यात पाठवायचं, कुठल्या दिवशी बाईडॉक्टर असतात, जायचं भाडं कोण देणार, सगळं लिहून ठेव. पिशवी काढणं एवढाच इलाज नसतो हे त्या बाईला पहिल्यांदा कदाचित तिथंच कळेल.

कृष्णाकाठ_७

१८ च्या खालच्या मुलींचं राहिलं. माझं मत, वयाची अट १८ पूर्ण करा आणि पुढे चला. लग्न झालेल्या १६-१७ वर्षांच्या मुलीची संमती आईवडिलांची की सासरची, यातच तुमचं वर्ष जाईल, आणि तिची माहिती हाती आली तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, कळवायची जबाबदारी येऊ शकते. त्यांचं दुःख कमी महत्त्वाचं आहे असं नाही, पण त्याला वेगळा अभ्यास आणि वेगळी तयारी लागेल. तरीही बोलता बोलता तसं काही समोर आलं तर काय करायचं ते कमिटीवरच्या वकील सदस्यांना आताच विचारून ठेवा आणि माहितीपत्रकात स्पष्ट लिहा, कारण सगळं गुप्त ठेवू असं सांगून नंतर तक्रार करणं म्हणजे तिला फसवणं.

बालाघाटची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचं वाचून पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू, मग दोन दिवस तेच डोक्यात. काल मी माहितीपत्रक आईला वाचून दाखवलं. आईला वाचता येत नाही. मी "सदर संशोधनातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून" म्हटलं, ती म्हणाली ऐच्छिक म्हणजे? मी म्हटलं, तुझ्या मनावर आहे, बोलायचं तर बोल नाहीतर नको. ती म्हणाली मग तसं लिही की. पुढे बिचारी शेवटपर्यंत ऐकत होती, हातातलं शेंगा फोडणं थांबवून. आणि तिसऱ्या पानावर जिथं लिहिलंय की मधेच थांबावंसं वाटलं तर थांबता येईल आणि त्याने तुमच्या कामावर किंवा दवाखान्यातल्या उपचारावर काही फरक पडणार नाही, तिथं म्हणाली, हे पहिलं सांग. एवढं सगळं ऐकून झाल्यावर सांगितलंस तर बाई आधीच बसलेली असती.

मी विचारलं, तुझ्याकडे कुणी आलं होतं का असं, फॉर्म घेऊन. म्हणाली दोनदा, बीडचं पेपरात आलं त्या वर्षी. नाव विचारलं, पिशवी आहे का विचारलं, फोटो काढला, गेले. परत कुणी आलं नाही. तिने हे मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

तर आता आईचं गाव आणि तालुका सोडतेय, दोन टप्पे करतेय, वय १८ च्या पुढे, तोंडी संमती मागतेय. पत्रात मायनर रिव्हिजनच लिहिलंय, मी घाबरून नीट वाचलंच नव्हतं. डॉक्टरकडे गेले, हिमोग्लोबिन ८.९ निघालं, गोळ्या सुरू केल्यात. एकच शंका, माघारीचा परिच्छेद सगळ्यात वर घेतला आणि भाषा सोपी केली तर तेवढं बदललेलं पान जोडलं की चालेल का? सोमवारी द्यायचंय.

शाळेतल्या_बाई

पूर्ण पत्रक नव्याने जोड बाळ, सुटं पान नको. खाली आवृत्तीचा नंबर आणि तारीख बदल, जुन्या-नव्या मजकुराचा तक्ता लाव, इंग्रजी प्रतीतही तोच क्रम ठेव आणि मराठीवरून परत इंग्रजीत उलट भाषांतर नव्याने करून घे, नाहीतर दोन प्रती जुळत नाहीत म्हणून परत येईल. आणि कव्हर लेटरमध्ये लिही की हे पत्रक सहा हंगाम तोडीला गेलेल्या एका बाईला वाचून दाखवून बदललंय. आईला विचारून लिही मात्र.