म्हैसूरचे वडेयर: राजा ते राज्यपाल, की नुसती पाटी बदलली?

भटकभवानी:
जयचामराजेंद्र वडेयर १९४० मध्ये म्हैसूरच्या गादीवर आले, १९५० मध्ये राजप्रमुख, म्हणजे संस्थानी राज्याचे राज्यपालासारखे घटनात्मक प्रमुख, झाले आणि १९५६ नंतर त्याच राज्याचे राज्यपाल. इतक्या शहाणपणाने वागलेले संस्थानिक मला तरी फार दिसत नाहीत. कानडी मुलूख एक करायची वेळ आली तेव्हा जुन्या म्हैसूरच्या बऱ्याच पुढाऱ्यांनी नाकं मुरडली. हे मात्र एकीकरणाच्या बाजूने राहिले.

तिरकस:
शहाणपण? स्वातंत्र्याला महिना होत नाही तोच, सप्टेंबर १९४७ मध्ये, लोकांना जबाबदार सरकारासाठी ‘म्हैसूर चलो’ करत रस्त्यावर उतरावं लागलं. भारतात सामील होण्याचा करार, सामीलनामा, झालेला, पण कारभार दिवाण रामस्वामी मुदलियारांकडेच. गोळीबारात रामस्वामी नावाचा विद्यार्थी गेला. म्हैसुरातलं रामस्वामी सर्कल त्याच्याच नावाचं. मग कुठे ऑक्टोबरात के. सी. रेड्डींचं मंत्रिमंडळ आलं.

भटकभवानी:
बरोबर, पण दोन महिन्यांच्या आत नमले ना? निजामाने वर्षभर काय केलं ते मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा. शेवटी फौज घालावी लागली.

तिरकस:
निजामाशी तुलना केली की कुणीही साधूच वाटणार. संस्थान सोडल्याबद्दल सरकारकडून वर्षाला २६ लाखांचा तनखा, तोही करमुक्त. आणि राज्यपाल असतानाही दसऱ्याला हत्तीवर सोन्याच्या अंबारीत हेच. आज तिथे चामुंडेश्वरीची मूर्ती असते, ते उत्तम. समोरच्या गर्दीने त्या माणसाला राज्यपाल म्हणून हात जोडले असतील असं खरंच वाटतं तुम्हाला?

बेळगावकर:
ज्या एकीकरणाचं कौतुक चाललंय त्यातच बेळगाव, खानापूर, निपाणी मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातले. आमच्या आजोबांचे राज्यपाल हेच. त्यांच्यावर राग नाही, राज्यपालाच्या हातात असतं काय! पण ‘एकीकरण’ म्हणून टाळ्या मागू नका.

सूरवेडा:
राजकारण चालू द्या. या माणसाने कर्नाटक संगीतात स्वतः कृती रचल्या. रशियन संगीतकार मेटनर लंडनमध्ये हलाखीत होता, त्याच्या रचनांच्या ध्वनिमुद्रणाला पैसा यांनी पुरवला.

तिरकस:
पैसा कुणाचा, तेवढं सांगा.

भटकभवानी:
रयतेचा, आणखी कुणाचा. पण १९६४ मध्ये ते मद्रासचे राज्यपाल झाले. तिथे ना गादी, ना अंबारी, ना रयत. नुसती पाटीच बदलली असती तर परक्या राज्यात, दुसऱ्यांच्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सह्या करायला कशाला गेले असते? यावर बोला.