एस्टीमचं इंजिन टाकलेली झेन पन्हाळ्याच्या वळणावर दम सोडतेय, कुणी सांगा की

घाटातली_झेन:
नमस्कार मंडळी, विषय लांबडा हाय, सांभाळून घ्या. गाडी माझी ९६ ची झेन, कार्ब्युरेटरवाली, नऊ नंबर पासिंग. दीड वर्षं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी घासून तिच्यात एस्टीमचं एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारं) इंजिन बसवलं, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि वायरिंग ज्या गाडीतनं इंजिन काढलं तिचंच, हेडर (इंजिनातनं धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) तेवढा उद्यमनगरात करून घेतला. सपाटीला नाद खुळा पळते, शिरोलीपासून किणी टोलपर्यंत कधी अडखळली नाही. पण पन्हाळ्याला निघालो आणि वाघबीळ सोडून चढाला लागलो की थर्डला पाय दाबल्यावर ४००० आरपीएमच्या पुढं कुणी मागनं धरल्यागत होतंय, दोन-तीन सेकंद मरते आणि वळण संपलं की परत उचलते, जसं काय झालंच नाही. प्लग बदलले, एचटी वायर बदलल्या, पेट्रोल फिल्टर नवा टाकला. एका गॅरेजवाल्यानं इंजेक्टर साफ करतो म्हणून २२०० घेतले, फरक शून्य. आता तो म्हणतोय ईसीयू गेला. घ्यावा का जुना बाजारातनं?

टर्बो_लेका:
भावा स्टॉक ईसीयूवर कुठं अडकलायस, स्टँडअलोन (बाहेरचा, हवा तसा सेट करता येणारा ईसीयू) टाक आणि मॅप करून घे, विषय हार्ड होतोय.

लेथवरचा_माणूस:
वरच्याचं ऐकू नको, पैशे जातील. हेडर उद्यमनगरचा म्हणतोयस तर आधी फ्लँज (इंजिनाला बोल्टनं जोडायची पट्टी) बघ. वेल्डिंग करताना पट्टी वाकते आणि गॅस्केट नीट बसत नाही. सकाळी गाडी थंड असताना चालू कर, हात जरा लांब धरून फिरव, फसफस लागतीय का बघ. लीक असला तर गॅस्केटच्या कडेला काळी काजळी धरलेली दिसते. तिथनं बाहेरची हवा ओढली जाते, ओ-टू सेन्सरला (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) वाटतं मिक्श्चर पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवत बसतो.

जुना_मिस्त्री:
लीक असला तर काढावाच, पण हा आजार त्याचा नव्हे. फुल थ्रॉटलला हा ईसीयू ओ-टू सेन्सरचं ऐकतच नाही, स्वतःच्या मॅपवर (आत भरलेल्या पेट्रोलच्या तक्त्यावर) चालतो. आणि सेन्सरला काय माहीत गाडी वळणावर आहे का हायवेला?
बाळा, तीन गोष्टी सांग. त्रास होतो तेव्हा टाकीत पेट्रोल किती असतं? डाव्या वळणाला जास्त का उजव्या? आणि पेट्रोल पंप कुठला, बसवलायस कुठं?

घाटातली_झेन:
काका बरोबर पकडलंत, टाकी फुल असली की होत नाही!! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मागल्या महिन्यात जोतिबाला घरच्यांना घेऊन गेलो तेव्हा टाकी भरलेली, एकदा पण नाही अडखळली, मला वाटलं देवाची कृपा. होतं ते उजव्या वळणालाच जास्त. टाकी झेनचीच, जुन्या पाइपमधनंच ओढतोय. पंप बाहेरचा, इंजेक्शनचा, डिकीच्या पत्र्यावर बसवलाय, टॉगल स्विचवर.

जुना_मिस्त्री:
मग ईसीयूला कशाला दोष देतोस.
कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनावरचा मेकॅनिकल पंप थोडं थोडं ओढायचा आणि कार्बच्या बाऊलमध्ये साठा असायचा, दोन सेकंद पेट्रोल आलं नाही तरी गाडीला कळायचं नाही. एमपीएफआयला तो साठाच नाही. पंपानं एक घोट हवा घेतली की रेलमधलं (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीतलं) प्रेशर पडलंच. चढाला पेट्रोल टाकीत मागं जातं, उजव्या वळणाला डावीकडं, टाकी अर्धी असली की सक्शनचं तोंड उघडं पडतं. त्यात तुझा पंप टाकीच्या वर. हे बाहेरचे पंप ढकलायला चांगले, ओढायला नाहीत. तो खाली, टाकीच्या तळाच्या पातळीला घे.
पण माझं ऐकून पण लगेच काही विकत घेऊ नको. आधी रेलला टी लावून प्रेशर गेज जोड, साधारण अडीच ते तीन बार पाहिजे. गेज बॉनेटबाहेर काढून काचेवर वायपरखाली चिकटव, पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणायची नाही म्हणजे नाही. शेजारी कुणाला तरी बसव, तू रस्ता बघ, काटा तो बघेल. आणि गाडी मरते त्याच क्षणी पंपाच्या टर्मिनलवर व्होल्ट किती ते पण बघून घे. बारीक वायर ओढली असशील तर १३ चे ११ होतात आणि पंप सुस्त पडतो.
टॉगल स्विच आजच काढ. उद्या गाडी ठोकली, नळी तुटली तर इंजिन बंद पडलं तरी तुझा पंप पेट्रोल ओतत राहील. ईसीयूचा पंप रिले त्यासाठीच असतो.

गोकुळ_शिरगाव_शिफ्ट२:
त्यात एक भर. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतंय आणि ९६ च्या गाडीची रबरी नळी त्यासाठी बनलेली नाही, आतनं फुगते, सोलते. माझ्या ८०० च्या फिल्टरमध्ये काळी भुकटी निघालीय. तू काढलेला जुना फिल्टर टाकून दिला नसशील तर उलटा करून पांढऱ्या फडक्यावर झटक. शिवाय एक किलो शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त जातं. आधीच काठावर असलेल्या पंपाला तेवढं पण जड जातंय.

घाटातली_झेन:
अपडेट. रविवारी सकाळी सहाला मामेभावाला शेजारी बसवून गेलो. गेज काचेवर, टाकीत पाव. शिवाजी पुलापासून वाघबीळपर्यंत काटा २.८ ला खिळल्यागत. चढाला उजवं वळण आलं तसा भाऊ ओरडला "गेला गेला", १.२ वर आला आणि त्याच वेळी गाडी मेली. व्होल्ट १३.४, म्हणजे वायर ठीक. घरी येऊन टाकीकडनं पंपाला येणाऱ्या नळीत वीतभर पारदर्शक तुकडा टाकला, पुढचं उजवं चाक जॅकवर उचललं, तर नळीत सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे! जुना फिल्टर झटकला, काळं निघालंच. २२०० चा राग आता येतोय.
काका, आता टाकीत बॅफल (पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडव्या पट्ट्या) मारू का स्वर्ल पॉट (पंपासाठी कायम भरलेला राहणारा छोटा डबा) लावू?

जुना_मिस्त्री:
जुन्या टाकीला वेल्डिंग लावायच्या भानगडीत पडू नको, रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट फुटते. दीड लिटरचा ॲल्युमिनियमचा स्वर्ल पॉट टिग वेल्डिंगवर करून घे. टाकीतनं लो प्रेशरचा छोटा पंप पॉट भरेल, तळातनं तुझा मोठा पंप ओढेल, इंजिनाची रिटर्न पॉटमध्ये आणि पॉटची वरची नळी टाकीत. डिकीत उघडा ठेवू नको, झेनची डिकी आणि केबिन एकच. खाली बसव, दगडापासून आडोसा करून. नळ्या सगळ्या इथेनॉलला चालणाऱ्या, इंजेक्शन प्रेशरच्या घे.

लेथवरचा_माणूस:
पॉटचं ड्रॉइंग टाक इथं, जमलं तर बघतो. आणि आरसी बुकावर इंजिन नंबर चढवलायस का? नाहीतर काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिला तोच बघणार.

घाटातली_झेन:
ते राहिलंय 🙈 उद्या ड्रॉइंग टाकतो.