अनुभव धागा: माळ हातात, मन कुठे? देवाशी मनापासून बोलायची तुमची रीत लिहा

सांजघंटा
संध्याकाळी इगर्जेची (चर्चची) घंटा वाजली, तीन-तीन-तीन ठोके आणि मग लांबलेला नाद. घरातल्या आल्ताराशी (देव्हाऱ्याशी) बसून म्हटला जाणारा तेर्स, म्हणजे मरियेची जपमाळ, आठवला, म्हणून हा धागा. गोव्यात प्रार्थना सगळ्यांना पाठ असतात. पण पाठ असल्यामुळेच जीभ पुढे पळते आणि मन मागे राहतं. देवाशी नातं कोरडं पडू नये म्हणून रोज नेमकं काय करायचं, किती वेळ, कुठे चुकतं, तेवढं लिहा.

माझ्याकडून तेर्स. शब्दाचा अर्थच तिसरा हिस्सा: येशू-मरियेच्या जीवनातल्या १५ प्रसंगांतले, म्हणजे रहस्यांतले, ५. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची ५ रहस्यं जोडली, एकूण २० झाली, तरी नाव तेच राहिलं. माळेत ५९ मणी, ५३ 'नमान मरिये' या प्रार्थनेचे, ६ 'आमच्या बापा' या प्रार्थनेचे. निवांत म्हटला तर २० मिनिटं लागतात. १२ मिनिटांत उरकत असेल तर श्वास कुठे घेतला जातोय ते बघा. प्रत्येक दहा मण्यांआधी रहस्य एका वाक्यात सांगायचं, ज्याच्यासाठी ते दहा मणी आहेत त्या माणसाचं नाव घ्यायचं, आणि पाच श्वास गप्प राहायचं. नाव घेतलं की मन आपोआप जागेवर येतं.

नदीपल्याड
घरात चौघं-पाच जण असले की खरी गडबड एकच. पुढारी अर्धी प्रार्थना म्हणतो आणि त्याचा शेवटचा शब्द तोंडात असतानाच बाकीचे उरलेली अर्धी सुरू करतात. 'येशू' हे नावच गिळलं जातं! नावापाशी क्षणभर थांबायचं असं आधी ठरवून घ्या. दोन दिवसांत वळण लागतं.
वारही लिहून ठेवते: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार वैभवाची, गुरुवारी प्रकाशाची.

सालसेतकर
तेर्स, लादाइन्य (मरियेच्या नावांची सामूहिक प्रार्थना) सगळं चांगलंच. पण नातं म्हणाल तर दिवसाचा हिशेब देवापुढे बसून करणं याला तोड नाही. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नास यांनी पाच पायऱ्या दिल्यात. आधी उपकार मानायचे. मग उजेड मागायचा, म्हणजे आजचा दिवस तुझ्या डोळ्यांनी दिसू दे. मग सकाळपासून तासातासाने दिवस डोळ्यांपुढून न्यायचा. मग चुकलं त्याची क्षमा. शेवटी उद्यासाठी एकच गोष्ट. १० ते १५ मिनिटं पुरतात.
चुकतं ते पहिल्या पायरीवर. बरेच जण उपकार सोडून थेट चुकांवर जातात, आणि आठवड्याभरात ही प्रार्थना म्हणजे स्वतःला चाबूक मारणं होऊन बसतं. मग माणूस ती टाळायला लागतो. निदान तीन उपकार, तेही नेमके. 'सगळ्यासाठी धन्यवाद' चालणार नाही. 'दुपारी शेजारणीने सोलां (आमसुलं) आणून दिली' असं. देव मोघम वागत नाही, आपणही मोघम बोलू नये.

तांबडी माती
दादा, रात्री अंथरुणावर करायला घेतलं की दुसऱ्या पायरीलाच झोप लागते 🙏

सालसेतकर
@तांबडी माती बाय, अंथरुणावर नकोच. जेवणाआधी, खुर्चीत, पाय जमिनीला टेकवून. दुपारी एकदा आणि रात्री एकदा अशी मूळ रीत आहे. दुपारचा केला तर रात्रीचा पाच मिनिटांत होतो.

शेवंती
मी ख्रिस्ती नाही, धागा आवडला म्हणून लिहितेय. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मरियेच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला, इस्टरनंतर पंधरवड्याने येणाऱ्या सोमवारी, आमच्यातली कितीतरी माणसं तेल घेऊन जातात. शिरगावची लईराई देवी तिची बहीण मानतात ना. तेल वाहून नमस्कार केला की पुढे काय बोलायचं ते सुचत नाही, एवढंच विचारायचं होतं.

सांजघंटा
@शेवंती ताई, जे शेजारणीला सांगाल तेच सांगायचं. आपल्या भाषेत देवाला 'तू' म्हणता येतं, हे किती मोठं आहे. साहेबाला 'तुम्ही', देवाला 'तू'. येशूही पित्याला 'अब्बा' म्हणाला, घरातल्या लेकराची हाक ती. पाठ प्रार्थना संपली की 'तू' म्हणून तीन वाक्यं स्वतःची: काय झालं, काय वाटलं, काय हवंय. तिसरं वाक्य लोक भिडेपोटी गाळतात. गाळू नका.

ओवीवाला
भाषेचा विषय निघालाच तर. इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, मराठी ओव्यांत. देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमी लिपीत. आता देवनागरीत मिळतं. ते मनात वाचू नये, फुकट जातं. ओवीच्या चालीत, मोठ्याने, रोज पाच ओव्या, बस्स. शब्द अडला तर तिथेच कोशात जाऊ नका, ओळ दोनदा म्हणा, निम्मे शब्द कानाला कळतात. उरलेले नंतर बघा. मराठी माणसाला देवाची गोष्ट ओवीतून ऐकायची जन्माची सवय आहे, तिचा उपयोग करून घ्यावा.

कांदोळकर
शुभवर्तमान (बायबलमधली येशूची कथा) वाचायची जुनी मठातली रीत: वाच, चघळ, बोल, गप्प राहा. उतारा १० ओळींहून मोठा घेऊ नका. पहिल्यांदा नुसतं वाचायचं, दुसऱ्यांदा जो शब्द टोचेल तिथे थांबायचं, तो शब्द घेऊन देवाशी बोलायचं, मग काही न बोलता बसायचं. २० मिनिटांतली निदान ५ शेवटच्या गप्प बसण्याला. मोबाइलवर वाचू नका, वरून निरोप टपकतात. कागदी पुस्तक घ्या.

एक वाचक
मन रागावलेलं असताना काय करायचं? घरात मोठं आजारपण आहे. 'तुझी इच्छा पूर्ण होवो' तोंडातून निघत नाही.

सालसेतकर
वाचून जीव कळवळला. नका म्हणू ते वाक्य आत्ता. बायबलमधलं स्तोत्र १३ काढा, सहाच वचनांचं आहे, सुरुवातच 'कुठवर' या प्रश्नाने होते. त्याहून अंधार असेल तर ८८. ते शेवटपर्यंत उजळत नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मोठ्याने वाचा. तक्रार देवाकडेच करायची, देवाविषयी दुसऱ्याकडे नाही. राग देवाला ऐकवला तरी नातं तुटत नाही, अबोला धरला की तुटतं.
आणि इग्नासचाच नियम: मन कोरडं असताना आधीचा कुठलाही निर्णय बदलू नये, आणि प्रार्थना आटोपती घ्यावीशी वाटली तर ठरल्यापेक्षा थोडं जास्तच बसावं. १५ ठरली असतील तर १६.

नदीपल्याड
@एक वाचक आजच्या तेर्सात एक दहा तुमच्या घरासाठी. नाव सांगायची गरज नाही.

तांबडी माती
माझ्याकडूनही.

एक वाचक
🙏 देव बरें करूं.

माळकरी
जरा वेगळं. पावसाळ्यात तारेच्या माळा गंजतात, घामानेही. कडी सुटली तर दोन्ही टोकं एकमेकांपासून ओढून उघडू नका, कडी पुन्हा गोल होत नाही आणि मणी गळतात. पक्कडीने एक टोक पुढे, एक मागे असं पिळून उघडायची आणि तशीच उलट पिळून मिटवायची. सततच्या वापराला दोरीची गाठींची माळ बरी: साधारण ६ मीटर नायलॉन दोरी, प्रत्येक गाठीला तीन वेढे, शेवटी टोक मेणबत्तीवर वितळवून दाबायचं. आमच्या बापाच्या गाठीला एक वेढा जास्त आणि दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी दोरी, म्हणजे काळोखातही बोटाला कळतं.

शेवंती
बोटाला कळतं हे फार आवडलं.

पोरांची आई
लहान मुलांना पाचही दहा नकोत. एकच दहा, पाच मिनिटं, आणि दिवा कुणी लावायचा याची पाळी मुलांची. दर मणी एकेकाने पुढारी व्हायचं. सक्तीने गुडघ्यावर बसवलं की गुडघेच लक्षात राहतात.

कांदोळकर
कुणाला एखादा गोंयकार संत सोबतीला हवा असेल तर बाणावलीचे जुझे वाझ. १६७७ साली सांकवाळला त्यांनी आपण मारियेचे दास आहोत असं कागदावर लिहून दिलं. २०१५ मध्ये संत झाले. तीच रीत उचलता येते: देवाला चार ओळींचं पत्र हाताने लिहायचं, खाली तारीख घालायची, पवित्र शास्त्रात ठेवायचं, वर्षाने वाचायचं.

नदीपल्याड
मे महिन्यात खुर्सापाशी (क्रुसापाशी) लादाइन्य आहे. नंतर द्यायच्या चण्यांचं प्रमाण कुणी सांगेल का, ३० माणसं येतील. पळते आता, भात लागला!

माळकरी
एक किलो सुके चणे पुरतात. रात्री भरपूर पाण्यात मूठभर मीठ घालून १० तास. मेच्या उकाड्यात पाणी मध्ये एकदा बदलाच, नाहीतर आंबूस वास येतो आणि मग कितीही शिजवा, जात नाही. कुकरला चार शिट्या, वाफ आपोआप जाऊ द्या, घाईने झाकण काढलं तर सालं फाटतात. ओल्या खोबऱ्याचे काप लोकांना चणे देतानाच घाला, आधी नको.