दालमिलमध्ये हजेरी आणि कँटीनसाठी कोणतं स्मार्ट कार्ड घ्यावं? (जळगाव)

डाळगाडा: राम राम मंडळी. एमआयडीसीतली दालमिल, तीन पाळ्यांत मिळून १४० माणसं. चुरीची धूळ आणि घासलेली बोटं, त्यामुळे अंगठ्याचं मशीन वारंवार नकार देतं. गेटवर हजेरी आणि कँटीनचे पैसे पगारातून वजा, एवढं एका कार्डात हवं आहे. एक विक्रेता १२५ किलोहर्ट्झची कार्डं सांगतो, दुसरा मायफेअर (टॅप करायचं चिपवालं कार्ड). बँकेसारखं सोनेरी चिपचं घेतलं तर?

तापीकाठ: सोनेरी चिपचं नको. त्या चिपला वीज, क्लॉक आणि डेटा सगळं त्या पट्ट्यांतूनच मिळतं (मोबाईलचं सिमही तसंच). कार्ड खाचेत घालावं लागतं आणि दालमिलमध्ये खाच आधी पिठाने भरेल.

टॅप करायच्या कार्डात बॅटरी नसते. आत कडेकडेने तारेचे वेटोळे असतात. रीडरच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातून त्यांत वीज तयार होते, चिप जागी होते आणि उत्तर देते. पल्ला साधारण ४-५ सेंमी, फार तर १०.

१२५ किलोहर्ट्झवालं साधं कार्ड खरं तर स्मार्ट कार्डच नाही. रीडरजवळ नेलं की ते आपला नंबर ओरडून सांगतं, बस. टी५५७७ या पुन्हा लिहिता येणाऱ्या रिकाम्या कार्डावर तो नंबर मिनिटभरात उतरतो.

मायफेअर क्लासिक १के मध्ये १६ सेक्टर, प्रत्येकात ४ ब्लॉक, प्रत्येक ब्लॉक १६ बाइटचा. सेक्टरच्या चौथ्या ब्लॉकमध्ये दोन चाव्या (म्हणजे गुप्त आकडे) आणि कोणी काय वाचावं-लिहावं याचे नियम. कुलूप ४८ बिटांचं, तेही २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखन विद्यापीठाच्या संशोधकांनी फोडलं. वरून बरेच जण कारखान्यातून आलेली बारा 'एफ'ची चावी बदलतही नाहीत. डेसफायर ईव्ही३ घ्या (मायफेअरचाच जास्त सुरक्षित प्रकार). त्यात १२८ बिटांचं एईएस, म्हणजे पक्कं सांकेतिक कुलूप आहे. रीडर आणि कार्ड दोघंही एकमेकांना दर वेळी नवा आकडा देऊन परीक्षा घेतात, चावी स्वतः हवेतून जात नाही.

केळीचा_घड: भो, दालमिल आहे, रिझर्व्ह बँक नाही. डेसफायर हे क्लासिकच्या कितीतरी पट महाग पडतं. कार्डात पैसे ठेवूच नका, शिल्लक कँटीनच्या सर्व्हरवर ठेवा आणि कार्डात फक्त ओळख. मग नक्कल झाली तरी नुकसान एका नाश्त्याचं. आणि खरी चोरी वेगळीच असते: एक जण चौघांची कार्डं टॅप करतो. ते कोणतंही एईएस थांबवत नाही. टॅप होताच स्क्रीनवर फोटो येणारं मशीन घ्या आणि वॉचमनला तिथेच बसवा.

तापीकाठ: पैसे सर्व्हरवर, हे शंभर टक्के मान्य. उद्या गोदामाचा दरवाजाही याच कार्डाने उघडायचा असेल तरच डेसफायर. पण 'डेसफायर चालतं' म्हणणारी कित्येक मशीनं त्याचा फक्त उघडा नंबर वाचतात. तपास सोपा: बाजारातलं कोरं डेसफायर आणा, सॉफ्टवेअरमध्ये त्याचा नंबर टाका. चावी न भरता हजेरी लागली, तर तुम्ही महागडं १२५ किलोहर्ट्झ विकत घेताय.

फेज_न्यूट्रल: बसवताना रडवणाऱ्या गोष्टी:

लोखंडी फाटकावर थेट रीडर ठोकू नका. पत्र्यात भोवरा-प्रवाह तयार होऊन क्षेत्र खातात, पल्ला १ सेंमीवर येतो. मध्ये २ सेंमी लाकूड किंवा फेराइटचा पत्रा ठेवा.

लेस अडकवायला कार्डाला पंच मारू नका. वेटोळं तुटलं की कार्ड मेलं, बाहेरून काही दिसत नाही. प्लास्टिकचं होल्डर द्या.

सगळ्यात जास्त डोकेदुखी नंबरची. नोंदणीचा टेबलावरचा रीडर बाइट १२ ३४ ५६ ७८ असे वाचतो आणि गेटचा ७८ ५६ ३४ १२. दशमानात पहिला ३०५४१९८९६ होतो, दुसरा २०१८९१५३४६. कार्ड तेच, पण 'अनोळखी'. १४० जणांची नोंद करण्याआधी ५ कार्डं दोन्हीकडे लावून बघा आणि सेटिंगमध्ये क्रम सारखा करा.

लाईट जाते तेव्हासाठी रीडर, स्विच आणि सर्व्हर एकाच यूपीएसवर घ्या. नोंदी मशीनमध्येच साठून नंतर सर्व्हरवर जातात ना, हेही विचारा. आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं पीव्हीसी कार्ड पापडासारखं वाकतं. मग आतली जोडणी निसटते. १७० मागवा, ३० वाया जाणार असं धरूनच.

डाळगाडा: गोदामाचा दरवाजा सध्या नाही, म्हणजे क्लासिक आणि फोटोचं मशीन. एक शंका राहिली: सगळ्यांकडे आधारचं पीव्हीसी कार्ड आहे, तेच टॅप करता आलं असतं तर खर्च वाचला असता?

केळीचा_घड: त्यात चिपच नाही, क्यूआर आहे. टॅप होणार नाही. फास्टॅगही विचाराल पुढे, तर तो ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, तुमच्या रीडरला दिसणारच नाही. बँकेचं टॅपवालं कार्ड रीडरला दिसेल, पण ते हजेरीला जोडू नका. मुदत संपली की बँक नवं देते, आणि नंबर बदलतो.

फेज_न्यूट्रल: शिवाय पाकिटात दोन टॅप कार्डं एकत्र असली की रीडर कधी हे उचलतो, कधी ते. पाकीट नाही, कार्ड बाहेर काढूनच टॅप करायचं, हे गेटवर मोठ्या अक्षरात लिहा.