चर्चा: निवासी डॉक्टरांना प्रबंधाऐवजी सुधारणा-प्रकल्प द्यावा का?

धागाकर्ता (भूलशास्त्राचे अध्यापक)
२०१९ साली लागू झालेल्या एमबीबीएसच्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आणि आरोग्यपथकाचे नेतृत्व ही त्यांतलीच एक ठेवली. मात्र तोच विद्यार्थी निवासी डॉक्टर म्हणून एमडी-एमएसला आला की एक प्रबंध लिहितो, जो बांधून झाल्यावर ग्रंथालयाच्या कपाटाबाहेर सहसा येत नाही. त्याऐवजी वॉर्डातली एक अडचण निवडावी, ती मोजावी, छोटा बदल करावा आणि पुन्हा मोजावे, असे काम त्याला द्यावे. छोट्या बदलाने काय साधते, त्याचे एक उदाहरण: जागतिक आरोग्य संघटनेच्या १९ मुद्द्यांच्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीची चाचणी दिल्लीसह आठ शहरांत झाली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. यादी म्हणजे शेवटी एक कागद. पण तो मोठ्याने वाचताना सर्जन, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका एकमेकांशी बोलतात.

तिसऱ्या वर्षाचा निवासी, शल्यचिकित्सा
सर, २००९ चा आकडा दिलात, तर २०१४ चाही द्यायला हवा होता. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांत अशा याद्या आल्यानंतर मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. आमच्याकडे या यादीवरच्या सगळ्या खुणा रुग्ण बाहेर नेल्यावर एकाच पेनाने होतात, आणि पेन धरणारा हात पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचा असतो. केंद्राच्या १९९२ च्या निर्देशांत सलग ड्युटीला १२ तासांची मर्यादा असूनही जो ३६ तास उभा आहे, त्याच्यावर आणखी एक फाइल लादून तो नेता कसा होणार? ड्युटीची यादी लावण्याचा अधिकारही आम्हाला नाही.

बालरोगतज्ज्ञ, जिल्हा पातळी
दोघांचेही अर्धेच पटते. मी निवासी असताना रक्ताचे अहवाल उशिरा येत, म्हणून आम्ही आठवडाभर प्रत्येक नमुन्याची वेळ वहीत लिहिली. प्रयोगशाळा वेळेवर काम करत होती. नमुने मात्र राउंड संपेपर्यंत ट्रेमध्येच पडून राहत, कारण वॉर्डबॉयची फेरी राउंडनंतरची होती. सिस्टर इनचार्जनी ती फेरी तासभर अलीकडे घेतली आणि दुपारचे अहवाल सकाळी मिळू लागले. (हे आम्हाला सुचले नव्हते, त्यांनाच सुचले.) पुढे आमची तुकडी गेली, सिस्टरांची बदली झाली आणि फेरी पुन्हा जुन्या वेळेवर आली. तेव्हा प्रकल्प दर तीन वर्षांनी बदलणाऱ्या निवासीच्या एकट्याच्या नावावर नसावा, त्यावर युनिटप्रमुखाचीही जबाबदारी लिहिलेली असावी.

धागाकर्ता
ऑन्टारिओचा दाखला मान्य. सक्तीने आलेली यादी भरली जाते, वाचली जात नाही. म्हणूनच विषय विद्यापीठाने न देता निवासीने निवडावा. जबाबदारीचा मुद्दाही मी मूळ प्रस्तावात घालतो.

तिसऱ्या वर्षाचा निवासी
मग माझा विषय ठरला: आमच्या युनिटमधील सलग ड्युटीचे तास. युनिटप्रमुखांची सही मिळाली तर प्रबंध सोडायला मी तयार आहे.